जसंच्या तसं आधी, सुधारणा मागाहून

पेटी उघडलीस की आधी वास घे. कुबट वास आला तर एकही कॅसेट डेकमध्ये घालायची नाही, कितीही मोह झाला तरी. आपल्या दादरा-नगर हवेलीतल्या खेरडीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी ओली असते की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते, टेपचं तर विचारूच नकोस. कॅसेट उजेडासमोर तिरपी धर. मधल्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड दिसते. ती एकसारखी तपकिरी आणि गुळगुळीत दिसली पाहिजे. पांढरे ठिपके किंवा पिठासारखा थर दिसला तर ती बुरशी समज. अशी टेप वाजवलीस की ती पूड हेडला लागते, रबरी रोलरला लागते आणि मागून घातलेल्या चांगल्या कॅसेटवर जाऊन बसते.

बुरशीवाली कॅसेट वेगळी काढ आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेव. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले, की त्यांनी ओल पुरेपूर ओढली असं धरायचं. मग ते ओव्हनमध्ये मंद तापवून कोरडे करायचे आणि परत वापरायचे. तांदळाच्या डब्यात कॅसेट ठेवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नकोस. तांदळाचा कोंडा टेपवर बसला तर तो काढता काढता नाकी नऊ येतात. टेप पूर्ण वाळली की तोंडाला फडकं बांधून, गच्चीवर मोकळ्या हवेत, मऊ ब्रशनं कडेची बुरशी झटकायची. उन्हात मात्र ठेवायची नाही, कवच वाकडं होतं. आणि अशा कॅसेटींसाठी दुसरा, जुना डेक ठेवायचा. माझ्या चांगल्या डेकला त्या लागता कामा नयेत.

आता या पेटीत काय आहे आणि मी तिच्यासाठी इतका का जीव टाकतो, ते सांगतो. नाहीतर पुढचं सगळं तुला नुसतं कटकटीचं वाटेल.

तुझ्या वयाचा होतो तेव्हा मुंबईत शिकत होतो. धोबी तलावला झेवियर्स कॉलेजशेजारी रंगभवन होतं, उघडं नाट्यगृह. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक नावाचा महोत्सव सुरू झाला तो तिथेच. तेव्हाचे बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवायचे, आणि लोकही तेच मागायचे. रॉक मशीन हा १९८४ मध्ये मुंबईत जमलेला बँड मात्र स्वतःची गाणी घेऊन उभा राहिला. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बासवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर आणि मार्क मेनेझिस ड्रमवर. तिनईकर हे आडनाव रॉकच्या कॅसेटवर छापलेलं वाचून मला काय वाटलं होतं, ते आज तुला सांगून कळणार नाही. आपल्यातलंच कुणीतरी तिथवर पोचलं होतं!

त्यांचे चार आल्बम, आणि चारही पेटीत आहेत. १९८८ चा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, १९९० चा ‘द सेकंड कमिंग’, १९९५ चा ‘इंडस क्रीड’ आणि २०१२ चा ‘इव्हॉल्व्ह’. पहिले दोन रॉक मशीन या नावानं. १९९३ मध्ये बँडनं नाव बदलून इंडस क्रीड केलं, म्हणून तिसऱ्या आल्बमचं नाव तेच. १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी आल्म्स फॉर शांती नावाचं वेगळं काम उभं केलं. २०१० मध्ये बँड पुन्हा जमला, बास आणि ड्रमवर नवी पोरं आली, आणि सतरा वर्षांच्या खंडानंतर चौथा आल्बम निघाला.

हे चार आल्बम क्रमानं ऐकायचे. मध्येच एखादं आवडीचं गाणं उचलून ऐकायचं नाही, निदान पहिल्यांदा तरी. पहिल्या आल्बममध्ये ऐंशीच्या दशकातला हार्ड रॉक आहे. ड्रमवर मोठा घुमारा, कीबोर्डचे चकचकीत स्वर, गिटारचे लांबलचक सोलो. आपण जगातल्या कुठल्याही बँडइतके जोरकस वाजवू शकतो, हे सिद्ध करायची घाई त्यात ऐकू येते, आणि मला ती घाई फार प्रिय आहे. दुसऱ्यात गाण्यांच्या चाली पक्क्या होतात. त्या काळातल्या ‘प्रिटी चाइल्ड’चा व्हिडिओ तेव्हा नव्यानं आलेल्या एमटीव्हीवर लागायचा. नाव बदलल्यावर, तिसऱ्या आल्बममध्ये, आपण कुठले आहोत हा प्रश्न आवाजात उतरतो. चौथ्यात आठच गाणी आहेत, पण ती लांब आहेत, आणि वाद्यं एकमेकांना जागा सोडतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसांनी केलेलं ते संगीत आहे. त्यांना कुणाला काही दाखवून द्यायचं उरलेलं नाही. या चौघांत मला कुठला श्रेष्ठ वाटतो असं विचारशील तर चौथा, पण पहिला ऐकल्याशिवाय चौथ्याची किंमत कळत नाही.

हा बदल गाण्याच्या शब्दांत किंवा चालीत थोडा आणि आवाजाच्या पोतात फार आहे, हे पक्कं लक्षात ठेव. ड्रमचा घुमारा किती, दोन वाद्यांमध्ये मोकळी जागा किती, हळू आवाजापासून मोठ्या आवाजापर्यंतचं अंतर किती, झांजेचा शेवटचा थरथराट ऐकू येतो की नाही, यातच बँडचं वय दिसतं. फाइल लहान करताना नेमकं हेच आधी कापलं जातं. आणि जुना आवाज ‘सुधारायला’ गेलं की आधी पुसलं जातं तेही हेच. म्हणून माझा मुख्य कानमंत्र हा: जे आहे ते आधी जसंच्या तसं उतरवून घे. सुधारणा करायची असेल ती दुसऱ्या प्रतीवर कर, सावकाश.

मिक्स बदललं की आल्बम बदलतो. ‘इव्हॉल्व्ह’चं मिक्सिंग टिम पामर या इंग्रज ध्वनितंत्रज्ञानं केलंय. त्यानंच १९९१ मध्ये पर्ल जॅमचा ‘टेन’ मिक्स केला होता. भरपूर घुमारा असलेला तो आवाज एका पिढीच्या कानात बसला. २००९ मध्ये ब्रेंडन ओब्रायननं त्याच मूळ टेपांवरून नवं मिक्स केलं, कोरडं आणि जवळचं, आणि दोन्ही एकाच संचात निघाले. एकच गाणं, एकच गळा, तरी दोन वेगळे आल्बम. कॅनडाच्या रश बँडचा २००२ चा ‘व्हेपर ट्रेल्स’ इतका ठासून मोठ्या आवाजात भरला होता की ऐकणाऱ्याचे कान शिणायचे. शेवटी २०१३ मध्ये तो नव्यानं मिक्स करून काढावा लागला. पर्ल जॅमनं जुना आवाज पुसला नाही, दुसरा शेजारी ठेवला. तूही तसंच कर.

रॉक राहू दे, आपल्या घरातलंच उदाहरण घे. सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरले होते, हे तुला इथल्या शाळेत शिकवलं असेल. त्या लढ्याच्या निधीसाठी पुण्यात लताबाईंचा कार्यक्रम झाला होता. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं, आणि पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ ला रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर गदिमांचं आणि बाबूजींचं गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक नवं गाणं, अशी एकूण ५६ गाणी. रेडिओवर ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली, त्यात माणिक वर्मा होत्या, ललिता फडके होत्या. आपण घरोघरी ऐकतो ते बहुतेक नंतरचं, बाबूजींनी स्वतः सगळी गायलेलं ध्वनिमुद्रण. दोन्ही खरी आहेत. पण फक्त दुसरं टिकलं असतं, तर सीतेचं गाणं पहिल्यांदा बाईच्या गळ्यातून कसं आलं होतं, हे आपल्या कानांना कधीच कळलं नसतं. जपणाऱ्यानं कुठली आवृत्ती जपतोय ते लिहून ठेवायचं, ते याचसाठी.

आता हाताच्या कामाकडे ये.

डेक सुरू करण्याआधी हेड पुसायचं. निव्वळ आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, नव्व्याण्णव टक्क्यांचं, आणि कापसाची काडी. हेडचा चकचकीत तोंडवळा, त्याशेजारची पोलादी कॅप्स्टन आणि तिला टेकणारा काळा रबरी रोलर, तिन्ही पुसायचे. काडीवर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत पुसत राहा. तो तपकिरी रंग म्हणजे टेपवरून सुटलेला लोखंडाचा ऑक्साइड, कुणाच्या तरी गाण्याचा अंश आहे तो. आवाज लहरत असेल, मध्येच जड व्हायला लागला असेल, तर आतला रबरी बेल्ट सैल पडलाय किंवा वितळून डांबरासारखा चिकट झालाय. बेल्ट बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही. सिल्वाशात मिळाला नाही तर वापीला बघ, तिथेही नाही तर गाडी पकडून मुंबईला लॅमिंग्टन रोड.

मग ॲझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन. हे काम कुणी शिकवत नाही, म्हणून नीट ऐक. कॅसेटची टेप चार मिलिमीटरही रुंद नसते, आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे असतात. ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढ्याच वेगानं सरकते. हेडमधली फट टेपला अगदी काटकोनात नसेल तर सगळ्यात बारीक, उंच स्वर आधी जातात: झांज मंदावते, ‘स’ आणि ‘श’ धूसर होतात. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचं हेड किंचित तिरकं असू शकतं, म्हणून प्रत्येक कॅसेटसाठी हे जुळवून घ्यावं लागतं. डेकचं दार काढलंस की हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू दिसतील. एकाखाली बारीक स्प्रिंग आहे आणि डोक्यावर लाल रंगाचा ठिपका आहे. तो स्प्रिंगवाला स्क्रू फिरवायचा, दुसऱ्याला हात नाही. पहिल्यांदा पेन्सिलीनं त्याच्या खाचेची दिशा कागदावर काढून ठेव. कॅसेट लाव, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोमध्ये ऐक आणि छोट्या पेचकसानं स्क्रू केसभर फिरव. एका क्षणी झांज एकदम पुढे येते, जणू कुणी पडदा सारला. दोन्ही बाजूंना थोडं पुढं-मागं करून तो सगळ्यात लख्ख बिंदू पक्का कर. इथे घाई करणाऱ्यानं पुढचं काही करूच नये, कारण इथे गमावलेला उंच स्वर मागाहून कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही.

आवाज एका चॅनलमधून बारीक येतोय, किंवा येतोय-जातोय असं वाटलं, तर कॅसेटच्या ज्या कडेला टेप उघडी असते तिथल्या मधल्या फटीत बघ. तांब्याच्या रंगाच्या पातळ पट्टीवर फेल्टचा चौकोनी तुकडा चिकटवलेला असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुना गोंद वाळला की तो गळून पडतो. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर उघडून नवा तुकडा बसव, नाहीतर चांगल्या कवचात टेप हलव. चिकटवून बंद केलेली असेल तर पातळ पातं सांध्यात सारून उघडायची. दोन्ही गुंडाळ्या मात्र टेबलावर जशा होत्या तशाच ठेवायच्या, उलट्या पडल्या तर टेप चुकीची बसेल.

घरी भरलेल्या कॅसेटी असतील तर सगळ्यात आधी मागच्या बाजूचे दोन छोटे प्लॅस्टिकचे दात मोडून टाक. ते मोडले की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जात नाही. दुकानातून आणलेल्या कॅसेटींचे ते आधीच मोडलेले असतात. आणि प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून मगच वाजव. वर्षानुवर्षं एका जागी राहिलेली टेप एकमेकांना चिकटून बसते, ती अशी मोकळी होते.

उतरवून घेताना डेकच्या मागची लाइन-आउटची जोडी वापरायची. पुढच्या हेडफोनच्या भोकातून घ्यायचं नाही, त्यात आवाजाचा आणखी एक टप्पा मध्ये येतो. ती तार चांगल्या ऑडिओ इंटरफेसला, आणि इंटरफेस लॅपटॉपला. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ, हीच सेटिंग ठेव. ध्वनी-अभिलेखागारांची आयएएसए नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, ती जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटच्या खाली जाऊ नका म्हणते आणि शक्य तिथे ९६ सांगते. कॅसेटमध्ये एवढं असतं का, असं तुला कुणीतरी विचारेल. गाणं नसेल, पण टेपचे खरखराटाचे, थडथडीचे तपशील असतात, आणि उद्या कुणी ते काढायचं चांगलं साधन बनवलं तर त्याला हेच तपशील लागणार आहेत.

आवाजाची पातळी ठरवायची ती आल्बममधलं सगळ्यात मोठं गाणं लावून. त्याची टोकं उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू देत. शून्याला लागलं की टोक छाटलं जातं, आणि छाटलेलं टोक परत येत नाही. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, त्यामुळे पातळी थोडी कमी राहिली तर काही बिघडत नाही. कॅसेटच्या कागदावर डॉल्बीची खूण असेल तर एकदा डेकचं डॉल्बी बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून, अशा दोन प्रती घे. एक बाजू म्हणजे एक सलग फाइल. मध्ये थांबायचं नाही, दोन गाण्यांमधली शांतताही कापायची नाही. पहिली बाजू कशानं संपते आणि दुसरी कशानं उघडते, हे बँडनं विचार करून ठरवलेलं असतं.

इथल्या विजेचं भान ठेव. आजूबाजूला कारखाने आहेत, दिवसा व्होल्टेज वरखाली होतं आणि तारेत गुणगुण शिरते. मी हे काम नेहमी रात्री जेवणं झाल्यावर, पाण्याची मोटर, मिक्सर आणि फ्रीज यांच्यापासून लांबच्या बोर्डावर करतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवलं तर गुणगुण बऱ्याचदा एकदम थांबते, आधी हे करून बघ. तार बदलण्यात पैसे घालवणं नंतरचं.

फाइल कशात ठेवायची? फ्लॅकमध्ये. जॉश कोल्सन नावाच्या प्रोग्रॅमरनं हे स्वरूप तयार केलं. २००१ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफनं ते आरएफसी ९६३९ म्हणून छापलं. ते मोफत आणि खुलं आहे. कुठली कंपनी बंद पडली तरी त्या कागदावरून कुणीही ते वाचणारं यंत्र बनवू शकेल. तुझ्या फोनला ॲपलचं एएलएसी लागत असेल तर फ्लॅकवरून तेही बनव, दोन्ही लॉसलेस आहेत. पण मूळ प्रत फ्लॅकचीच ठेव.

लॉसलेस म्हणजे काय ते एकदा नीट समजून घे. चादरीची घट्ट घडी घातली तर ती लहान जागेत मावते आणि उलगडली की पूर्वीइतकीच मोठी असते, फ्लॅकचं तसं आहे. एमपी-थ्री चादरीच्या कडा कापून ती पेटीत बसवतो. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट असतो, मिनिटाला साधारण दहा मेगाबाइट. १२८ चा एमपी-थ्री त्याचा अकरावा हिस्सा ठेवतो. फ्लॅक साधारण निम्म्यापासून पाऊणपर्यंत जागा घेतो, आणि उलगडल्यावर एक बिटही इकडचा तिकडे नसतो. कॉम्प्रेशनचे शून्य ते आठ असे टप्पे असतात. त्यांचा आवाजाशी काही संबंध नाही, आठवर बांधायला वेळ जास्त लागतो आणि फाइल थोडी लहान होते, एवढंच. सरळ आठवर ठेव.

आणि कुणी मित्र प्रेमानं म्हणेल, ‘माझ्याकडे या आल्बमचा फ्लॅक आहे’, तर आधी स्पेक्ट्रम बघ. ऑडॅसिटी नावाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्रॅम लाव. सोळा हजार हर्ट्झच्या वर सगळं करवतीनं कापल्यासारखं काळं असेल, तर तो एमपी-थ्रीवरून बनवलेला फ्लॅक आहे. एकदा गेलेलं परत येत नाही, डब्याचं नाव बदललं म्हणून. असं काही पेटीत ठेवू नकोस.

तिसरा आल्बम माझ्याकडे सीडीवर आहे. सीडी साध्या प्रोग्रॅमनं कॉपी करायची नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचा प्रोग्रॅम घे आणि तो सिक्युअर मोडमध्ये चालव. शंकास्पद जागा तो पुन्हा पुन्हा वाचतो आणि शेवटी लॉग लिहून देतो. तो लॉग फाइलबरोबर ठेवायचा. ॲक्युरेटरिप नावाचा साठा जगभरच्या लोकांनी उतरवलेल्या सीडींशी तुझी प्रत ताडून बघतो. भारतात छापलेली सीडी त्यात सापडलीच नाही तर घाबरू नकोस. दोनदा उतरव, शक्य असेल तर दोन वेगळ्या ड्राइव्हवर, आणि दोन्हींचे सीआरसी, म्हणजे पडताळणीचे, आकडे जुळतात का बघ. जुळले तर काम फत्ते. सीडी पुसायची ती मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल गोल फिरवून पुसताना पडलेला ओरखडा ड्राइव्हला पार करता येत नाही. आणि नाव छापलेल्या बाजूला जास्त जप, कारण माहितीचा थर त्याच बाजूला, रंगाच्या पातळ पापुद्र्याखाली असतो.

कॅसेटचा कागद फेकणाऱ्याला मी माफ करत नाही. तो पूर्ण उलगडून, दोन्ही बाजूंनी, ६०० डीपीआयवर स्कॅन कर. कुणी काय वाजवलं, कुठल्या स्टुडिओत, कुणी मिक्स केलं, किंमत किती होती, कारखान्याचा पत्ता काय, सगळं त्यावर बारीक अक्षरात असतं. नव्या छपाईत यातलं बरंच गळतं. कवचावर उमटवलेले आकडे असतील तर त्यांचाही फोटो. मग प्रत्येक आल्बमच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेव: कुठली आवृत्ती, कुठून घेतली, कुठला डेक, डॉल्बी होतं की नव्हतं, ॲझिमथ जुळवला का, कुठे टेप चुरगळली आहे, आणि तारीख. मी माझ्या कॅसेटी कुठून घेतल्या ते लिहून ठेवलंय. दोन काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधल्या आहेत. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, आता ती नोंद एवढीच त्याची खूण.

फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेव, जुनी यंत्रं देवनागरी नावांवर अडखळतात. टॅगमध्ये मात्र मराठीत हवं तेवढं लिही, फ्लॅकला चालतं.

उतरवलेल्या मूळ फाइलीला नंतर हात लावायचा नाही. खरखर कमी करायची, गाणी वेगळी करायची, आवाज वाढवायचा, सगळं दुसऱ्या फोल्डरमध्ये, प्रतीवर. आजचं खरखर काढायचं तंत्र खरखरीबरोबर झांजेचाही थोडा भाग घेऊन जातं. दहा वर्षांनी याहून चांगलं येईल, तेव्हा मूळ हाताशी हवं.

प्रती तीन हव्यात: दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेरची तुझ्याकडे ठाण्याला. हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात १ जून २००८ ला आग लागली, त्यात एका मोठ्या कंपनीच्या असंख्य मूळ टेपा जळाल्या, आणि किती गेलं हे जगाला २०१९ मध्ये कळलं. त्यांच्याकडे गोदाम होतं, पहारा होता, पैसा होता. नव्हती ती सगळ्याची दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत. एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं बंद ठेवायची नाही, वीज न मिळता राहिली तर तिच्यातली माहिती हळूहळू विरते. साधी हार्ड डिस्क ठेव, पण तीही वर्षातून एकदा लाव. फ्लॅकच्या प्रत्येक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी-फाइव्ह आकडा लिहिलेला असतो. चाचणीची आज्ञा दिलीस की फ्लॅकचा प्रोग्रॅम तो ताडून बघतो आणि फाइल शाबूत आहे की नाही ते सांगतो. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत हे करायचं, आणि बिघडलेली फाइल दिसली तर दुसऱ्या प्रतीवरून लगेच भरून काढायची. घरी भरलेल्या सीडीवर विसंबू नकोस, तिच्यातला रंग उडतो.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. हे जपायचं आहे, वाटायचं नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो, म्हणजे पहिल्या आल्बमवरचा हक्क २०४८ संपेपर्यंत राहतो. स्वतःच्या ऐकण्यासाठी, अभ्यासासाठी प्रत ठेवायला कायदा वाव देतो, पण इंटरनेटवर चढवायला देत नाही. कुणाला आवडलं तर सरळ विकत घ्यायला सांग. या बँडच्या लोकांनी आपल्या भाषेत नसलेलं संगीत आपल्या शहरात उभं केलं. त्यांच्या कष्टाचे चार पैसे त्यांना मिळालेच पाहिजेत.

सुरुवात रॉक मशीनपासून करू नकोस. पेटीच्या तळाला दोन-तीन घरी भरलेल्या, बिनमहत्त्वाच्या कॅसेटी आहेत, आधी त्यांच्यावर हात बसव. मग ‘द सेकंड कमिंग’ घे, त्याचा फेल्ट सुटलेला आहे आणि नवा तुकडा मी पाकिटात घालून ठेवलाय. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ शेवटी, कोरड्या हवेत, डिसेंबरात. डेकचा एक जास्तीचा बेल्ट झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावलेला आहे, आणि ॲझिमथच्या स्क्रूची मूळ दिशा मी तिथेच पेन्सिलीनं काढून ठेवली आहे.